निसर्ग नावाचं वादळ आणि भोल्याची रात्र

तीन जून दोन हजार वीस हा दिवस किनाऱ्यावरची कुठलीही बाई विसरलेली नाही. लॉकडाऊन चालू होतं, मुंबईची माणसं गावी येऊन राहिली होती, आणि बुधवारी दुपारी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तेव्हा दोन-तीन तासांत किती वर्षं गेली याचा हिशोब ज्यांच्या वाड्या आहेत त्यांनाच विचारावा. कौलं उडाली, पत्रे उडाले, आणि आमच्या या रेडिओ केंद्राचा अँटेनाही पडला. म्हणजे लोकांना सर्वांत जास्त गरज होती त्या दिवशी आम्हीच मुके. त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

पण आज गोष्ट सांगायची आहे ती नावापासून सुरू होते. त्या वादळाचं 'निसर्ग' हे नाव कुणी ठेवलं? आमच्या गटात विचारलं तर कुणी म्हणाली सरकारनं, कुणी म्हणाली टीव्हीवाल्यांनी. खरं म्हणजे ते नाव बांगलादेशानं ठेवलं. बंगालीत आणि मराठीत हा शब्द एकच आहे, म्हणून आपल्याला तो घरचा वाटला. त्यानंतरच्या नोव्हेंबरात सोमालियावर गेलेल्या वादळाला 'गती' हे नाव भारतानं दिलं होतं, आणि तमिळनाडूकडे आलेल्या 'निवार'ला इराणनं. बंगालच्या उपसागराच्या आणि अरबी समुद्राच्या काठचे तेरा देश एका यादीत आपापली नावं देतात. २००४ साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा आठ देश होते: बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका आणि थायलंड. पुढे आणखी पाच आले. वादळ उठलं की दिल्लीचं आपलं हवामान खातं यादीतलं पुढचं नाव त्याला लावतं आणि सगळ्या देशांना इशारे पाठवतं. भारत आणि पाकिस्तान एरवी एका ताटात जेवणार नाहीत, पण या यादीत त्यांची नावं एकाच पानावर आहेत.

यातही भांडणं होतात बरं का. २०१३ साली श्रीलंकेनं एका वादळाला 'महासेन' नाव दिलं, आणि तिथल्याच लोकांनी आरडाओरडा केला की हा आमचा राजा, त्यानं तळी बांधली, त्याचं नाव नासधूस करणाऱ्या वादळाला कसं देता? शेवटी नाव मागे घ्यावं लागलं. बारसं कुणाचंही असो, आत्याबाईंचा रुसवा ठरलेलाच.

आता हे सगळे देश एकत्र बसायला लागले ते कशामुळे? शहाणपण आपोआप आलं नाही. त्यासाठी एका रात्री तीन लाखांहून जास्त माणसं मेली. काही जण हा आकडा पाच लाख सांगतात. मोजायला माणसंच उरली नव्हती, म्हणून आकड्यात एवढा फरक.

ती रात्र १२ नोव्हेंबर १९७० ची. तेव्हा बांगलादेश नव्हता, तो पूर्व पाकिस्तान होता. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्या जिथं समुद्राला मिळतात तिथं गाळाची बेटं तयार होतात. तिथले लोक त्यांना 'चर' म्हणतात. समुद्रापेक्षा हातभर उंच जमीन, पण भात असा पिकतो की भूमिहीन माणूस जीव मुठीत धरून तिथं राहायला जातो. त्या बेटांत सगळ्यांत मोठं भोला. पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती, म्हणजे मुळातच उधाणाची भरती. त्या भरतीवर वादळानं समुद्र ढकलला. आपल्या किनाऱ्यावर आपण उधाणाचं पाणी शेतात शिरलेलं पाहतो, खाजणात बांध फुटलेले पाहतो. तिथं मध्यरात्री घराच्या छपराच्या वर पाणी आलं. भोला बेटावरच्या तजुमुद्दीन या एका तालुक्यात एक लाख सदुसष्ट हजार वस्तीपैकी जवळजवळ निम्मी माणसं गेली.

ढाक्यात तेव्हा कॉलऱ्यावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा होती. तिथले डॉक्टर वादळानंतर गावागावांत गेले आणि त्यांनी मोजदाद केली. त्यांना वाचलेल्या माणसांच्या अंगावर एकाच तऱ्हेच्या जखमा दिसल्या: छाती, दंडांची आतली बाजू आणि मांड्या सोललेल्या. ही माणसं रात्रभर झाडाला मिठी मारून राहिली होती. लाटेमागून लाट येत होती आणि झाडाची साल अंग सोलून काढत होती. ज्यांच्या हातात बळ होतं ते टिकले. म्हणूनच सगळ्यांत जास्त वाचले ते पंधरा ते पन्नास वयाचे पुरुष. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त दहा वर्षांखालची मुलं होती. आणि ज्या बाईच्या कडेवर पोर होतं, तिनं झाडाला मिठी कुठल्या हातानं मारायची?

मैत्रिणींनो, आता खरी टोचणारी गोष्ट. त्या वादळाची खबर नव्हती असं नाही. अमेरिकेचे हवामानाचे उपग्रह तेव्हा आभाळात फिरत होते आणि त्यांनी वादळाचे फोटो काढले होते. रेडिओवर इशारा झाला होता. नंतरच्या पाहणीत दिसलं की दहातल्या नऊ माणसांना वादळ येतंय हे ठाऊक होतं. पक्क्या इमारतीत आसरा घेतला तो शंभरातल्या एकानं. खबर उपग्रहापासून राजधानीपर्यंत आली, राजधानीतून रेडिओवर आली, आणि तिथंच थांबली. किती पाणी येणार, कुठं जायचं, कोण नेणार, घर कोण राखणार, हे कुणी सांगितलं नाही. आणि जायला जागाही नव्हती.

मदतीचं काय झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. जगभरातून पैसा, अन्न, घोंगड्या यायला लागल्या. भारतानं सगळ्यांत आधी हात पुढे केलेल्यांत नाव लावलं. पश्चिम बंगालमधून विमानं, हेलिकॉप्टर, होड्या देतो म्हटलं. हाकेच्या अंतरावरचा शेजारी. पण पाकिस्तानच्या लष्करी सरकारनं भारताची मदत विमानानं येऊ दिली नाही. सामान रस्त्यानं, नद्या ओलांडत, रखडत गेलं. शेजारणीशी भांडण आहे म्हणून घराला आग लागली तरी तिच्या विहिरीचं पाणी नको, अशातला प्रकार. पूर्व पाकिस्तानातल्या लोकांनी तो राग मनात ठेवला. महिन्याभरात निवडणूक झाली, तिथल्या जवळजवळ सगळ्या जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या, आणि पुढचं युद्ध तर तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश झाला. वादळानं देश फोडला असं म्हणणं आम्हाला जास्तीचं वाटतं, भाषेचे आणि हक्काचे झगडे जुने होते. पण सरकारला आपण मेलो काय आणि जगलो काय, हे लोकांना त्या नोव्हेंबरात डोळ्यांनी दिसलं.

यातून देशोदेशी तीन गोष्टी हलल्या. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं जागतिक हवामान संघटनेला वादळांच्या कामाला लावलं, आणि १९७२ साली आपल्या या समुद्राच्या काठच्या देशांचं मंडळ तयार झालं. निसर्गचं नाव पुढे याच मंडळाच्या यादीतून आलं. दुसरं, डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपत्तीत मदत जुळवून देणारं एक कायमचं कार्यालय काढायचं ठरवलं. ते जिनिव्हात होतं, लहान होतं, आणि खरं सांगायचं तर पुढची वीस वर्षं त्याच्या शब्दाला फारसं वजन नव्हतं. तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती कागदावर न राहता गावात उतरली.

नव्या बांगलादेशात १९७२ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं किनाऱ्यावर चक्रीवादळाच्या तयारीचा कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी सरकार त्यात भागीदार झालं. कल्पना अगदी साधी. प्रत्येक एक-दोन गावांमागे एक तुकडी, तुकडीत गावातलीच माणसं, पगार नाही. तुकडीकडे एक ट्रान्झिस्टर, एक कर्णा, एक हातानं फिरवायचा भोंगा. कुणी इशारा सांगायचा, कुणी लोकांना आसऱ्याला न्यायचं, कुणी पाण्यातून काढायचं, कुणी मलमपट्टी करायची, कुणी वाटप बघायचं. सुरुवातीलाच वीस हजारांवर स्वयंसेवक तयार झाले. आणि बावटे. आपल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिथं गावातल्या उंच जागी बावटा लावायचा, लाल कापडाचा. एक बावटा म्हणजे सावध. दोन म्हणजे धोका, सामान बांधा. तीन म्हणजे निघा, आत्ताच्या आत्ता. वाचता न येणाऱ्या आजीलाही बावटे मोजता येतात. जिनिव्हा, ढाका आणि चरावरची झोपडी ही साखळी त्या कापडापाशी जोडली गेली.

मग १९९१ साल आलं. २९ एप्रिलच्या रात्री चितगाव आणि कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर वादळ आदळलं. पाणी वीस फुटांपर्यंत चढलं. या वेळी इशारा झाला होता, स्वयंसेवक कर्णे घेऊन फिरले होते, सुमारे साडेतीन लाख माणसं आसऱ्याला गेली होती. तरीही एक लाख अडतीस हजारांवर माणसं मेली. आसऱ्याच्या इमारतीच थोड्या होत्या, हे एक कारण. पण मेलं कोण ते पाहिलं तेव्हा दुसरं कारण समोर आलं. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांत दर हजार पुरुषांमागे पंधरा गेले. दर हजार बायकांमागे एकाहत्तर.

हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक ताई म्हणाली, "यात नवल काय आहे?" आणि तिनं जी कारणं सांगितली तीच तिथल्या अभ्यासकांनी लिहून ठेवली आहेत. नवरा बाहेरगावी किंवा मासेमारीला, त्याला विचारल्याशिवाय घर सोडायचं कसं म्हणून बाई वाट बघत बसली. घरात कोंबड्या, शेळ्या, भाताची कणगी, ती कुणाच्या भरवशावर टाकायची? अंगावर साडी, ती पाण्यात पायांना गुंडाळते. मोकळे लांब केस फांद्यांत अडकतात. मुलगे लहानपणापासून पोहायला, झाडावर चढायला शिकतात, मुलींना ते कुणी शिकवलं नाही. दोन्ही हातांत लेकरं. आणि शेवटचं कारण म्हणजे आसरा. इमारतीत गच्च पुरुषांची गर्दी, अनोळखी माणसं, अंधार, बायकांना वेगळी खोली नाही, संडास नाही. ज्या बाईनं आयुष्यभर परक्या पुरुषासमोर पदर खाली घेतला नाही, ती तिथं रात्र कशी काढणार? पाण्याची भीती होती, पण लोक काय म्हणतील याची भीती तिच्या जास्त ओळखीची होती. गंमत बघा, किंवा गंमत नकोच म्हणायला, तेव्हा त्या देशाची पंतप्रधान बाईच होती. खालिदा झिया यांना पदावर बसून दीड महिनाही झाला नव्हता.

त्या वर्षी मदत मात्र १९७० पेक्षा वेगळी आली. चितगावचं बंदर आणि विमानतळ मोडून पडले होते, सामान होतं पण बेटांपर्यंत न्यायला साधन नव्हतं. अमेरिकेचं आरमार आखातातल्या युद्धावरून घरी परत चाललं होतं, ते वाटेत वळून तिथं आलं. सुमारे सात हजार सैनिक हेलिकॉप्टर आणि होड्यांतून तांदूळ-पाणी पोचवत राहिले. भारत, पाकिस्तान, चीन, जपान, ब्रिटन यांचीही मदत आली. बंदुका बाजूला ठेवून आलेल्या सैनिकांना तिथल्या लोकांनी नावं ठेवली नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी एक महत्त्वाचा ठराव केला. संकटात मदत जुळवायला एकच मोठा अधिकारी नेमायचा, सगळ्या संस्थांनी त्याच्याशी बोलून काम करायचं, आणि मदत घ्यायची की नाही हे ज्या देशावर संकट आलं त्यानं ठरवायचं. आजही देशोदेशीची मदत याच ठरावावर चालते. त्यातलं शेवटचं कलम लक्षात ठेवा, त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

बांगलादेशानं १९९१ नंतर आसऱ्याच्या इमारती बांधायचा सपाटा लावला. कर्ज आणि मदत बाहेरून आली, पण अक्कल हळूहळू गावातून आली. नुसती वादळाची इमारत बांधली तर ती वर्षभर कुलूप लावून पडते, दारं वाळवी खाते. म्हणून खांबांवर उभी शाळाच बांधायची, वर्ग भरतील, झाडलोट होईल, वादळात लोक चढतील. बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास हवा. गुरांसाठी मातीचा उंच ढीग हवा, कारण गाय खाली ठेवून बाई वर चढत नाही. हे ढीग तिथं 'मुजीब किल्ला' म्हणून ओळखले जातात, कारण मुजीबुर रहमान यांच्या काळापासून ते घातले गेले. आणि सगळ्यांत मोठा बदल स्वयंसेवकांत झाला. तुकडीत बायका आल्या. आधी पंधरांत पाच, पुढे वीसांत दहा. आज तिथं शहात्तर हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका. दारात पुरुष येऊन ओरडला तर सासू सुनेला बाहेर पाठवत नाही. शेजारची ओळखीची बाई आली, "चल, मी पण येतेय, पोराला मी घेते" म्हणाली, की सून निघते. एवढी साधी गोष्ट कळायला वीस वर्षं आणि लाखभर बायका लागल्या, याचा मात्र आम्हाला संताप येतो.

नंतरचे आकडे तुम्हीच बघा. १५ नोव्हेंबर २००७ ला 'सिडर' नावाचं वादळ आलं, जोरात १९९१ च्या तोडीचं. मेले सुमारे तीन हजार चारशे. ती संख्या लहान नाही, पण लाखांतून हजारांवर आली. मे २०२० मध्ये, आपल्या निसर्गच्या दोनच आठवडे आधी, 'अम्फान' आलं तेव्हा कोरोना चालू असताना चोवीस लाख माणसं हलवली गेली आणि बांगलादेशात तीसच्या आत माणसं दगावली. आपल्याकडे ओडिशानंही असंच काम केलं. १९९९ च्या महावादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ च्या 'फायलिन' वादळात पन्नासच्या आत.

आणि २०१३ च्या त्याच महासेन वादळात बांगलादेशच्या किनाऱ्यावरची आपल्यासारखी लहान कम्युनिटी रेडिओ केंद्रं इशारे सांगत राहिली, गावच्या बोलीत, गावच्या खुणा सांगत. आमचा अँटेना पडला म्हणून आम्ही हळहळतो ती यामुळेच.

आता ते कलम. २ मे २००८ ला 'नर्गिस' वादळ म्यानमारच्या इरावती नदीच्या मुखाशी चढलं. ही जागाही भोल्यासारखीच, सपाट, भाताची, खाड्यांनी चिरलेली. आपल्या दिल्लीच्या हवामान खात्यानं म्यानमारला दिवसेंदिवस इशारे पाठवले होते, कुठं चढणार आणि किती जोर असणार हे ४८ तास आधी कळवलं होतं. म्हणजे १९७२ च्या मंडळानं आपलं काम चोख केलं. पण तिथल्या लष्करी सरकारनं खाली गावांपर्यंत ते पोचवलं नाही. बावटा नाही, भोंगा नाही, दारात येणारी शेजारीण नाही. मेलेले आणि बेपत्ता मिळून एक लाख अडतीस हजार. मेलेल्यांत शंभरात एकसष्ट बायका.

पुढचं तर त्याहून वाईट. बाहेरचे मदत करणारे दारात उभे, सरकार व्हिसा देईना. अमेरिकेची आणि फ्रान्सची जहाजं अन्न, पाणी, हेलिकॉप्टर घेऊन समुद्रात थांबून राहिली आणि शेवटी परत गेली. सरकारला भीती होती की मदतीच्या नावानं सैन्य घुसेल. तिकडे नव्या घटनेवर मतदान मात्र आठवड्याभरात उरकून घेतलं, बुडालेल्या भागात तेवढं दोन आठवडे पुढं ढकललं. देशाच्या मर्जीशिवाय मदत नाही हे कलम बरोबर की चूक? आमच्यात यावर एकमत झालं नाही. आपणही इंग्रजांचं राज्य भोगलेलं आहे, कुणीही उठून जहाज घेऊन यावं हे आम्हाला पटत नाही. पण पोर उपाशी असताना बाप दाराला कडी लावून बसला तर गावानं काय बघत राहायचं?

कोंडी फोडली ती शेजाऱ्यांनी. आग्नेय आशियातल्या देशांची 'आसियान' म्हणून संघटना आहे, म्यानमार तिचा सभासद. तिचे सरचिटणीस तेव्हा थायलंडचे सुरीन पित्सुवान होते. ते म्हणाले की मदत आमच्यामार्फत येऊ द्या. संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख बान की-मून स्वतः जाऊन लष्करप्रमुखांना भेटले. मेअखेर आसियान, संयुक्त राष्ट्रं आणि म्यानमार सरकार अशा तिघांची समिती झाली आणि दारं उघडली. घरातला बाप ज्याचं ऐकतो असा भाऊबंद शोधून काढला, असंच म्हणायचं. पण तोवर चार आठवडे गेले होते. त्या चार आठवड्यांत लोकांना जगवलं ते त्यांच्याच बौद्ध विहारांतल्या भिक्षूंनी आणि शहरांतून गाड्या भरून आलेल्या साध्या माणसांनी.

परत आपल्याकडे येऊ. आपल्या किनाऱ्यावर वादळं कमी यायची म्हणून आपली तयारीही कमी. जागतिक बँकेच्या कर्जातून देशात चक्रीवादळाच्या धोक्याचं काम सुरू झालं ते आधी ओडिशा आणि आंध्रात, महाराष्ट्र दुसऱ्या टप्प्यात आला. निसर्गच्या वेळी इशारा वेळेवर होता, हे मान्यच केलं पाहिजे. पण आमच्या गावात तो आला पुरुषांच्या मोबाइलवर. बायकांच्या हाती फोन कमी, आणि ज्यांच्याकडे होता त्या सकाळपासून कौलांवर दगड ठेवण्यात गुंतलेल्या. कच्च्या घरातल्या माणसांना गावच्या शाळेत नेलं. तिथं संडासाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते तालुक्याला अडकलेले. एक बाई नवव्या महिन्यात होती. एक आजी तीन शेळ्या सोडून यायला तयार नव्हती, तिला दोघांनी उचलून आणलं. शेळ्या पुढं दोन दिवसांनी ओढ्याच्या पलीकडे सापडल्या, त्यातली एक मेलेली. आजी अजून त्या दोघांशी बोलत नाही.

कुलूप शेवटी आमच्यातल्या एकीनं वरवंट्यानं फोडलं.

त्यानंतर आमच्या बचतगटांनी एक वही केली. कुठल्या घरात म्हातारी एकटी, कुठं बाळंतीण, कुणाला ऐकू येत नाही, कुणाकडे किती जनावरं, कुणाला पोहता येतं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. दर मे महिन्यात ती नवी करतो. मुलींना पोहायला शिकवायचं ठरलं तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली, आता बारा मुली येतात. पंचायतीकडे तीन मागण्यांचा अर्ज दिला आहे: शाळेची आणि संडासाची एक किल्ली गावातल्या बाईच्या घरी असावी, जनावरांसाठी उंच जागा नेमून द्यावी, आणि बंदरावर जो बावटा लागतो तोच गावच्या देवळापाशीही लागावा. पहिल्या मागणीचं काम झालं, किल्ली अंगणवाडीच्या ताईंकडे आहे. बाकीच्या दोन पुढच्या ग्रामसभेत येणार आहेत. ज्यांच्या गावात असं काही चाललं असेल त्यांनी आम्हाला पत्र टाकावं किंवा केंद्रावर यावं. अँटेना आता पुन्हा उभा आहे.